गाठीचा रिपोर्ट, फिट आणि नणंदेची सोयरीक

पत्र: आमचे मालक ३७ वर्षांचे, बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर टर्नर आहेत. गाव खानापूर तालुक्यात. गेल्या वर्षी कामावर असताना त्यांचा उजवा हात आपोआप उडायला लागला आणि फिट येऊन पडले. लोकांनी चप्पल हुंगवली, कांदा फोडून नाकाला लावला. स्कॅनमध्ये डोक्यात डाव्या बाजूला पुढे गाठ निघाली, ऑपरेशन झालं. रिपोर्टात ‘ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्रेड २, आयडीएच म्युटंट, १पी/१९क्यू को-डिलीटेड’ असं लिहिलंय. आमच्यातल्या एका शिकलेल्या नातेवाइकाने तो वाचून ‘हे जेनेटिक आहे’ असं चारचौघांत सांगितलं आणि ती गोष्ट चंदगडपर्यंत पोचली. तिथल्या पाव्हण्यांनी माझ्या नणंदेची ठरत आलेली सोयरीक थांबवलीय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही होईल का? ऑपरेशननंतर मोठी फिट आलेली नाही. पण जेवताना कधी कधी घास हातात घेऊन थांबतात, बोटं थरथरतात, ओठ हलतात पण शब्द येत नाही, मिनिटभराने परत नीट. सासूबाई म्हणतात अशक्तपणा. लेव्हेटिरासिटामच्या गोळ्या सुरू झाल्यापासून फार चिडतात, परवा मुलीवर हात उगारला. गाठ काढली तर आता गोळ्या कशाला, असं घरात चाललंय. सासूबाईंनी कुठून तरी फिटची पुडी आणलीय. हे लेथवर परत जायचं म्हणतात. मी काय करू, सांगा की.
— एक भगिनी, खानापूर तालुका

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही मध्येच सांगून पुढे गेलात, म्हणून आधी तिच्याबद्दल. घास हातात राहतो, बोटं थरथरतात, शब्द फुटत नाही आणि मिनिटभरात माणूस ठीक होतो, याला मी अशक्तपणा म्हणणार नाही. ही बहुतेक फिटच आहे, छोटी. गाठ डाव्या बाजूला पुढे होती. उजवा हात चालवणारा आणि बोलणं जुळवणारा मेंदूचा भाग तिथेच शेजारी असतो. कारखान्यात पहिल्यांदा उडाला तोही उजवा हातच. सुरुवात अजून त्याच जागेतून होतेय, फक्त आता ती मेंदूभर पसरत नाही, तिथल्या तिथे विरते. गोळ्यांनी तेवढं काम केलंय.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी ‘परत फिट आली का?’ असं विचारलं असणार आणि तुम्ही दोघांनी ‘नाही’ म्हटलं असणार. तुमचा दोष नाही. आपल्याकडे फिट म्हणजे माणूस आडवा, तोंडाला फेस आणि भोवती गर्दी, असंच डोळ्यांसमोर येतं. पण गोळीचा डोस त्या एका उत्तरावर ठरतो. तेव्हा पुढच्या वेळी ते जेवताना थांबले की मोबाइलवर व्हिडिओ काढा. हात दिसू दे, चेहरा दिसू दे, आणि ‘नाव सांगा’, ‘हात वर करा’ असं बोलत राहा, म्हणजे कळतंय का, बोलता येतंय का, हे डॉक्टरांना दिसेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख, वेळ आणि किती वेळ चाललं ते लिहा. आदल्या रात्री झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, तेही. आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या डॉक्टरांना मुद्दाम सांगावी लागते. मालक घरी मराठी बोलतात आणि कारखान्यात बहुधा कन्नड, तर एरवी कोणत्या भाषेत शब्द अडतो ते बघून ठेवा. पुढे कधी परत ऑपरेशनची वेळ आली आणि ते रुग्णाला जागं ठेवून, बोलतं ठेवून करायचं ठरलं, तर दोन्ही भाषा तपासायला हव्यात. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूत दोन्हींच्या जागा तंतोतंत एकच असतील असं नाही.

आता तो रिपोर्ट, ज्याने एवढा घोळ घातलाय.

आयडीएच हे एका एन्झाइमचं नाव. ते तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या पेशींत असतं. पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या साखळीतलं एक काम ते करतं. ते कसं बनवायचं याची सूचना एका जनुकात असते. मालकांच्या डोक्यातल्या एका पेशीत, जन्मानंतर कितीतरी वर्षांनी, त्या सूचनेतलं एक अक्षर बदललं. ते एन्झाइम मग नेहमीचं काम सोडून एक भलताच पदार्थ बनवायला लागलं. त्याचं नाव २-हायड्रॉक्सीग्लुटारेट. त्या पेशीपासून वाढलेल्या गाठीत तो साचत जातो. ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या जातीच्या गाठी, त्यांत हा बदल असतो हे २००८ मध्ये उघडकीला आलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात तर गाठीचं नाव ठरवायलाच हा बदल बघितला जातो. तुमच्या रिपोर्टात आहेत ते दोन्ही बदल, आयडीएचचा आणि १पी/१९क्यूचा (गाठीच्या पेशींतून दोन गुणसूत्रांचे ठरावीक तुकडे गळून गेल्याचा), असल्याशिवाय ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हे नावच देत नाहीत.

फिटचा धागा याच पदार्थाशी जुळतो. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना चेतवायला ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. गाठीत साचणाऱ्या या पदार्थाची रचना ग्लुटामेटशी बरीच मिळतीजुळती आहे. तो गाठीतून बाहेर झिरपतो, शेजारच्या निरोगी चेतापेशींपर्यंत पोचतो आणि त्या विनाकारण चेतवल्या जातात. उंदरांच्या चेतापेशींवर प्रयोगशाळेत हे करून बघितलंय. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आयडीएच बदल असलेल्या रुग्णांपैकी ५९ ते ७४ टक्क्यांना ऑपरेशनच्या आधीच फिट आलेल्या होत्या. ज्यांच्या गाठीत हा बदल नव्हता त्यांच्यात हे प्रमाण १८ ते ३४ टक्के होतं. तेव्हा मालकांना फिट का आली, याचं उत्तर बाहेरचं काही लागलं यात नाही, मशिनीवर उपाशी उभे राहिले यातही नाही. बरंचसं त्या रिपोर्टाच्या एका ओळीतच आहे.

एवढंच एक कारण असतं असंही नाही. या गाठी हळू वाढतात, वर्षानुवर्षं मेंदूच्या पृष्ठभागाजवळ राहतात, आणि आजूबाजूच्या पेशींना आपली जोडणी बदलायला भरपूर वेळ मिळतो. त्या भागात आवर घालणारं रसायन, गाबा, नेहमीसारखं काम करेनासं होतं. भराभर वाढणाऱ्या ग्लायोब्लास्टोमा या वाईट गाठीत फिटचं प्रमाण उलट कमी दिसतं. ज्यांच्या घरात लहान मुलाला गाठ आणि फिट आहे अशा वाचकांसाठी जाता जाता सांगतो: मुलांमध्ये गँग्लिओग्लायोमा नावाची गाठ असते, तिच्यात बीआरएएफ जनुकाचा वेगळाच बदल बऱ्याचदा सापडतो, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत तोच बदल चेतापेशींत घातल्यावर फिट येताना दिसल्या. जनुकं वेगळी, वाटा वेगळ्या, पण शेवटी चेतापेशी नको तेव्हा चेतवल्या जातात.

म्हणूनच ‘गाठ काढली, आता गोळ्या कशाला’ हे चुकीचं आहे. फिट गाठीच्या पोटातून येत नाही, ती गाठीच्या कडेच्या मेंदूतून येते, आणि तो मेंदू कापून टाकता येत नाही. शिवाय या जातीच्या गाठीला नीट कड नसते. सर्जनने दिसेल तेवढी काढली तरी तिचे धागे आजूबाजूला राहतात. जितकी जास्त गाठ निघते तितक्या फिट कमी होतात, हे खरं. पण गोळी कधी कमी करायची हे डॉक्टर ठरवतील, तेही बराच काळ एकही फिट, अगदी घास थांबवणारी छोटीसुद्धा, आली नाही तर. अचानक गोळी बंद केली तर एकामागून एक फिट येत राहते आणि मधे शुद्धच येत नाही, अशी वेळ येऊ शकते. त्यात जीव जातो. एकादशी असो, नवरात्राचा उपवास असो, नाहीतर सौंदत्तीला यल्लम्माला जायचं असो, गोळी वेळेवर, पाण्याबरोबर. देवीची त्याला हरकत नसते.

आणि ती पुडी फेकून द्या. सासूबाईंचं मन मोडेल, मोडू दे. अशा काही पुड्यांत फिटची जुनी इंग्रजी औषधं कुटून घातलेली सापडली आहेत, काहींत शिसं-पारा. पुडीने गुण आला असं वाटतं ते त्यातल्या चोरून घातलेल्या औषधाने, आणि त्याचा डोस कुणालाच ठाऊक नसतो. फिनिटॉइनसारख्या जुन्या गोळ्या यकृताचं काम असं काही वाढवतात की पुढे केमो द्यायची ठरली तर तिचा परिणाम कमी होऊ शकतो. गाठीच्या रुग्णांना लेव्हेटिरासिटाम देतात त्यामागे हेही एक कारण आहे.

चिडण्याचं मात्र तुम्ही बरोबर ओळखलंत. लेव्हेटिरासिटामने काही जण चिडके होतात, काहींना उदास वाटतं, क्वचित जिवाचं बरंवाईट करायचे विचारही येतात. गाठीची जागाही स्वभाव सांभाळणाऱ्या भागाजवळची आहे, आणि ऑपरेशननंतर सूज उतरायला डेक्सामेथासोन चालू असेल तर तेही भर घालतं. यातलं नेमकं कोणतं, हे डॉक्टरच सांगतील. पण ‘परवा मुलीवर हात उगारला’ हे वाक्य त्यांच्यासमोर जसंच्या तसं बोला. ‘थोडे चिडतात’ एवढ्यावर भागवू नका. गोळी बदलता येते. ब्रिवारासिटाम आहे, लॅकोसामाइड आहे. कधी डोस हलवून बघतात. हे सगळं डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतील, तोवर तुम्ही घरी काही कमी-जास्त करायचं नाही. मुलीलाही सांगा की बाबा तिच्यावर रागावलेले नाहीत, औषधाने तसं होतंय. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं.

आता चंदगडचे पाव्हणे.

तुमचे मालक फौंड्रीच्या गावात काम करतात म्हणून त्यांच्याच धंद्यातलं सांगतो. पॅटर्नमध्येच, म्हणजे साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्यातच, खोट असेल तर त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक कास्टिंगमध्ये ती येते. पण पॅटर्न चांगला आहे आणि एखाद्या कास्टिंगमध्ये ओतताना ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, पडलं, तर ते तेवढ्या एका कास्टिंगपुरतंच असतं. मालकांच्या गाठीतला आयडीएचचा बदल हा ब्लोहोल आहे. तो आईवडिलांकडून आलेला नाही, त्यांच्या बीजात नाही, मुलीत उतरलेला नाही, आणि बहिणीचा तर त्याच्याशी काडीचा संबंध नाही. रिपोर्ट गाठीच्या तुकड्याचा आहे. मालकांच्या रक्ताची तपासणी झालेलीच नाही.

खरं ते पूर्ण सांगायचं तर, ग्लायोमा झालेल्या माणसाच्या सख्ख्या नात्यात ही गाठ होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट दिसते. दुप्पट ऐकून घाबरू नका. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे ग्लायोमा वर्षाला लाखात सहाएक जणांना होतो. त्याची दुप्पट केली तरी लाखात बारा. एवढ्यावरून मुलीचा एमआरआय काढायला कुठलाही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. कुणी ‘मनाच्या समाधानासाठी काढून टाका’ म्हणालं तरी काढू नका, तो पैसा तिच्या शाळेला लागेल.

रक्ताने येणारे काही आजार आहेत, आणि त्यांत गाठीही होतात. कुणाच्या अंगावर लहानपणापासून दुधाळ चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील, किंवा पानाच्या आकाराचे पांढरट चट्टे, चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या आणि लहानपणीच फिट असतील, किंवा एकाच घरात तीन-चार जणांना तरुणपणी स्तनाचा, हाडाचा, मेंदूचा कॅन्सर झाला असेल, तर जनुकतज्ज्ञांना भेटून रक्ततपासणीबद्दल विचारायला हवं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. असेल तर डॉक्टरांना सांगा.

पाव्हण्यांपासून काही लपवू नका, लपवलेलं चंदगडहून खानापूरला परत यायला एक बाजारचा दिवस पुरतो. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घ्या, की हा बदल गाठीपुरता आहे, आनुवंशिक नाही. जमलं तर मराठीत मागा, कारण इंग्रजी रिपोर्ट वाचून दाखवण्याचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. आणि ज्या नातेवाइकाने चारचौघांत जाहीर केलं, त्यालाच ती चिठ्ठी घेऊन चंदगडला पाठवा, येण्याजाण्याचा खर्च त्याचा. नणंदेला तर फिटही येत नाही. ज्यांना येते त्यांच्याबद्दलसुद्धा, हिंदू विवाह कायद्यातली फिटच्या आजाराची अट १९९९च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. एवढं सगळं ऐकूनही पाव्हणे माघार घेत असतील, तर घेऊ द्या. पुढे पोरीला तिथे नांदायचं होतं.

रिपोर्टातल्या त्या दोन बदलांची चांगली बाजू कुणी सांगितली नसेल, ती मी सांगतो. हे दोन्ही बदल असलेली गाठ रेडिएशनला आणि केमोला या कुटुंबातल्या इतर गाठींपेक्षा बरा प्रतिसाद देते, आणि रुग्ण पुष्कळ वर्षं, अनेकदा दहापेक्षा जास्त, जगतात. गाठ परत वाढू शकते, म्हणून ठरलेल्या तारखांचे एमआरआय चुकवू नका. शांत असलेल्या फिट एकाएकी वाढल्या, आणि गोळी चुकलेली नाही, जागरण नाही, ताप नाही, दारू नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. आयडीएचचं ते बिघडलेलं एन्झाइम अडवणारं व्होरासिडेनिब नावाचं औषध २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ग्रेड २च्या रुग्णांत, ऑपरेशननंतर, गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ त्याने सरासरी ११ महिन्यांवरून जवळपास २८ महिन्यांवर नेला. मालकांना ते लागू पडतं का, हे ट्यूमर बोर्डाला, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात गाठीचे सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात त्या गटाला, विचारा. मुंबईचं टाटा किंवा बेंगळुरूचं निमहान्स इथे दुसरं मत घेता येतं. कुणा एजंटाच्या सांगण्यावरून जमीन गहाण टाकून औषध मागवू नका.

लेथबद्दल मला फार बोलायचं नाही. नाही जायचं. फिरत्या चकजवळ उजव्या हाताची फिट, तीही अशी की कुणाला कळणारसुद्धा नाही, याचा विचार मालकांनी स्वतः टर्नर म्हणून करावा. भट्टी, क्रेन, उंचावरचं काम, विहिरीवर एकट्याने पोहणं, आणि घरापासून उद्यमबागेपर्यंत गाडी चालवणं, हेही बंद. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिटबद्दल सरळ प्रश्न असतो, खोटं लिहून अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करते. पण घरी बसवूही नका. इतकी वर्षं मायक्रोमीटर हाताळलेला माणूस इन्स्पेक्शन टेबलावर उत्तम काम करतो. कारखान्याच्या मालकाकडे तशी बदली मागा, आणि शेजारच्या दोघा कामगारांना शिकवून ठेवा: फिट आली की आजूबाजूचं लोखंड बाजूला, माणूस कुशीवर, तोंडात चमचा-पाणी काही नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा-चप्पल तर मुळीच नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर १०८. नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून घेऊन एक घरी आणि एक कारखान्यात ठेवा.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर ऐका. आजारपणात आधी ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात. डोक्यातली गाठ लांब चालणाऱ्या आजारांच्या यादीत येते, त्यासाठी पुढे ८० टक्क्यांनी, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत भरपाईची सोय आहे. दोन वर्षं विम्यात असणं वगैरे अटी आहेत. घाईने राजीनामा दिला की हे सगळं हातचं जातं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यात तुमचं गाव येतं का आणि तुम्ही जाल त्या हॉस्पिटलात ती चालते का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. कर्नाटकचं आयुष्मान कार्ड काढलेलं असेलच, नसेल तर काढून घ्या. डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची सीडी आणि गाठीचा तो रिपोर्ट यांच्या चार-चार झेरॉक्स करून ठेवा, आणि मूळ कागद ईएसआयच्या खिडकीवरही सोडू नका.